पाणी गळणारा कोरडा डोळा : कचेरीतील कामाच्या संदर्भात

नेत्रवैद्य ज्याला 'शुष्क नेत्र' अथवा 'कोरडा डोळा' म्हणतात, त्या विकाराचा रुग्ण आपली तक्रार या शब्दांत क्वचितच मांडतो. डोळे चुरचुरतात, खुपतात, आत कुसळ गेल्यासारखे वाटते, असे तो सांगतो. आणि पुष्कळदा सांगतो की, डोळ्यांतून पाणी गळते. पाणी गळणाऱ्या डोळ्यास कोरडा म्हणणे ऐकणाऱ्यास विसंगत वाटते, आणि विकार ओळखण्यास उशीर लागतो.

विसंगती वस्तुतः नावात आहे. डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यात पाणी तर असतेच. परंतु त्यास धरून ठेवणारा श्लेष्मा आणि बाष्पीभवन रोखणारे वरचे स्निग्ध द्रव्य यांवाचून तो टिकत नाही. पापणी मिटते तेव्हा हा थर नव्याने सारवला जातो. दोन मिटण्यांतील अंतर लांबले की तो जागोजाग फाटतो, तेथील मज्जातंतू चेतविले जातात व अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. हे पाणी थराची डागडुजी न करता गालावर ओघळते. मराठीने हा भेद प्रत्ययात जपला आहे : 'डोळ्यांत पाणी आले' याने बहुधा भावनेचा, तर 'डोळ्यांतून पाणी गळते' याने दुखण्याचा बोध होतो. सुश्रुतसंहितेतील 'शुष्काक्षिपाक' या नावातही कोरडेपणा आहे. तथापि तो आणि आजचा विकार सर्वस्वी एकच, असे मानण्याची घाई करू नये.

त्सुबोता व नाकामोरी या जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये पापण्यांची उघडझाप मोजली. स्वस्थ बसलेल्या माणसाची ती मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, तर संगणकाच्या पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा आढळली.

मुरबाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होतो. माळशेज घाटाच्या पायथ्याशी पसरलेला हा भातशेतीचा तालुका; येथील शेतकऱ्याचे कचेरीशी नाते प्रामुख्याने सातबाऱ्याचे. पूर्वी हे दप्तर मेजावर, नजरेच्या खाली असे. वाचणाऱ्याच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहत. आता अभिलेख संगणकावर आले असून १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु पडदा समोर उभा असतो. डोळा अधिक उघडा राहतो, आणि वर पंख्याचा झोत असला तर थर लवकरच सुकतो.

थर फाटला की अक्षर पुसट होते, पापणी मिटताच पुन्हा स्वच्छ दिसते. अशा डोळ्याने वाचणाऱ्याचा वेग मंदावतो, तीच ओळ दोनदा पाहावी लागते. १ आणि ९, अनुस्वार आणि त्याचा अभाव, हे भेद देवनागरीत सूक्ष्म आहेत. गट क्रमांकातील एक अंक चुकला, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त होऊ शकतो. त्यासाठीचे हेलपाटे मात्र शेतकऱ्याच्या वाट्यास येतात. हजेरीपटावर यातले काहीच उमटत नाही, कारण कारकून हजर असतो. ओसाका येथील कचेऱ्यांत संगणकावर काम करणाऱ्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकी हीच हानी मोजली गेली : कोरड्या डोळ्याचे निश्चित निदान झालेल्यांची कार्यक्षमता इतरांहून अधिक घटलेली होती.

पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवणे, पंख्याचा झोत चेहऱ्यावरून वळविणे, मधूनमधून दूर पाहून पापण्या पूर्ण मिटणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. थेंब मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच घालावेत. तपासणीच्या प्रश्नावल्या मराठीत आणताना 'आपले डोळे कोरडे वाटतात काय?' असा प्रश्न ठेवला, तर पाणी गळणारा कारकून प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देईल. त्यास विचारावयाचे ते असे : डोळे चुरचुरतात काय? वाऱ्याच्या झोतात पाणी गळते काय? दुपारनंतर अक्षर पुसट होऊन पापणी मिटताच स्वच्छ दिसते काय?