दोन तळ्यांची सहल

सहलीचा बेत आखणे हे परीक्षेचा पेपर काढण्याहून अवघड काम आहे! प्रतापनगरातून रामटेक अवघे पन्नासेक किलोमीटर. पण घरात पक्ष चार. मुलांना खिंडसी तलावात नाव हवी. मी गडमंदिराचा आग्रह धरला. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडले आहे, एवढे म्हणतो तोच सौ. उद्गारली, "अहो, तासच घ्यायचा असेल तर आम्ही घरी बऱ्या!" कालिदास गाळला.

आई गप्प होती. मुले निजल्यावर हळूच म्हणाली, "अंबाळ्याला थांबता येईल का रे?"

डोंगराच्या पायथ्याचे ते तळे. दहा वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी तेथे सोडल्या. त्यानंतर आमचे रामटेक सुटलेच. "पण मुलांच्या मजेत विघ्न नको," तिने लगेच पुस्ती जोडली.

आता नवा बेत असा : पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी अंबाळ्याच्या घाटावर निवांत बसायचे, मग गड, दुपारी खिंडसीच्या काठी डबे सोडायचे आणि नाव.

"आजी, तू नावेत बसशील ना?" धाकटीने विचारले.

आईने पदर सावरला. "पोहता येत नाही गं मला. पण बसेन."