बॅटरीची केबल किती जाड हवी?

पंखे, दिवे, टीव्ही मिळून घरात 600 वॉटचा लोड आहे असं धरू. लाइट असते तेव्हा 230 व्होल्टवर त्यासाठी जेमतेम पावणेतीन अँपिअर करंट लागतो. लाइट गेली की तेवढीच शक्ती 12 व्होल्टच्या बॅटरीतून यावी लागते. 600 ला 12 ने भागलं की 50 अँपिअर, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून 60. भिंतीतल्या वायरच्या वीसपटीहून जास्त करंट बॅटरीच्या केबलमधून जातो, आणि तरी बरेचदा तिथे हाताला येईल ती वायर जोडलेली दिसते.

जाडी ठरवायचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध 0.0172 ओहम असतो. बॅटरी इन्व्हर्टरपासून दोन मीटरवर असेल तर लांबी चार मीटर धरायची, कारण करंट जातो तसा परतही येतो. सहा चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर 0.0172 गुणिले 4 भागिले 6, म्हणजे सुमारे 0.0115 ओहम. याला 60 ने गुणलं की जवळजवळ 0.7 व्होल्ट वाटेतच गेले आणि 41 वॉट नुसती केबल तापवण्यात. 230 व्होल्टमधून एवढे गेले तर कळतही नाही. इथे मात्र बॅटरीत दम असूनही इन्व्हर्टरपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं, तो ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो आणि माणूस चांगली बॅटरी बदलून बसतो.

घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.36 व्होल्टच्या आत ठेवायची तर हाच हिशेब उलटा करा. उत्तर साडेअकराच्या आसपास येतं, म्हणून बाजारातली पुढची 16 ची केबल. मी 25 ची घेईन. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, आणि ही केबल काही दरवर्षी बदलायची नसते. अंतर कमी करता आलं तर सगळ्यात उत्तम. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा आणि 230 व्होल्टची वायर लांबवा.

स्वस्त केबलीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास येतं. ते तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहतं आणि वजनाला निम्मंही भरत नाही. घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. वरून लाल आणि आत पांढरी निघाली तर केबल परत करा. वरून पांढरी आणि आत लाल असेल तर ती कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, कोकणातल्या खाऱ्या हवेत हीच टिकते. छपरावरच्या पॅनेलपासून खाली येणारी केबल उन्हात न तडकणारी, सोलरसाठीचीच हवी. त्यासाठी आयएस 17293 हे भारतीय मानक आहे.

गाडीत स्टार्टर काही सेकंदच चालतो, पण तेवढ्यात शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. शिवाय इंजिनची थरथर सतत असते, म्हणून बारीक तारांची लवचीक केबलच लागते. केबलीच्या टोकाचं थिंबल हातोडीने ठोकून बसवू देऊ नका, क्रिम्पिंगच्या यंत्राने दाबून घ्या. नुसतं डाग देऊन भागत नाही, कारण डाग संपतो तिथे तारा कडक होतात आणि थरथरीने तुटतात. सोलर किंवा इन्व्हर्टरच्या केबलीला बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच फ्यूज हवा, आणि तो केबलीला झेपतो त्यापेक्षा कमी अँपिअरचा.

जुनी केबल तपासायची तर पूर्ण लोड चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं त्याच केबलीच्या इन्व्हर्टरकडच्या थिंबलवर. दिसेल तो आकडा त्या एका केबलीत गेलेल्या व्होल्टचा. मग दुसरं टोक बॅटरीकडच्याच थिंबलवर आणा. तिथेही बराच आकडा दिसला तर दोष केबलीत नाही, जोडात आहे. खुंटी घासून साफ करा, नट आवळा, वरून व्हॅसलीन लावा आणि पुन्हा मोजा.