वाहनतळाची वाटणी आणि शेजारधर्म

शहरातील गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते चाळली, तर पाणी, गळती आणि वाहनतळ हे तीन विषय बहुधा सर्वत्र आढळतात. पाण्याची टाकी वाढविता येते, गळती दुरुस्त करता येते. परंतु इमारतीच्या आवारातील जमीन वाढविता येत नाही. त्यामुळे वाहने उभी करण्याच्या जागेवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत होणारा वाद मिटल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उफाळून येतो. या वादात सर्वाधिक सोसावे लागते ते दिव्यांग रहिवाशाला. आवारात जागा मिळाली नाही, तर इतरांना गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत घरी येता येते. ज्याला चालणेच शक्य नाही, त्याच्या दृष्टीने जागा नसणे म्हणजे नोकरी, दवाखाना, सभासमारंभ या सर्वांपासून तुटणे होय.

टंचाईचे मूळ

हा प्रश्न केवळ रहिवाशांच्या स्वभावातून उद्भवलेला नाही. त्याच्या मुळाशी साधे गणित आहे. साठ-सत्तरच्या दशकांत उभारलेल्या इमारतींच्या वेळी मोटार ही मोजक्या कुटुंबांची वस्तू होती आणि स्कूटरसाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. नंतरच्या नियमांनीही जागेचे प्रमाण माफकच ठेवले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या चार सदनिकांमागे एका वाहनाची जागा पुरेशी मानली होती. आज अशा चार सदनिकांत मिळून एकच वाहन असेल, असे क्वचितच घडते. जागा त्याच राहिल्या आणि वाहने अनेक पटींनी वाढली. अशा स्थितीत कोणत्याही पद्धतीने वाटणी केली, तरी काही सदस्य जागेवाचून राहणारच. म्हणून वाटणीचा निकष न्याय्य असणे आणि तो सर्वांना आधी ठाऊक असणे, यालाच महत्त्व येते.

जागा कोणाची?

बहुतेक वादांचा उगम ‘ही माझी जागा आहे’ या समजुतीत असतो. वाहनतळाची जागा आपण बिल्डरकडून विकत घेतली आहे, असे अनेक सदनिकाधारक प्रामाणिकपणे मानतात. या समजुतीची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिलेल्या निर्णयात केली. नहालचंद लालूचंद या प्रवर्तक कंपनीने मुंबईतील दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतील स्टिल्टच्या, म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालील, २५ जागांवर हक्क सांगितला होता. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियमाच्या आधारे न्यायालयाने तो फेटाळला. स्टिल्टखालील जागा ही स्वतंत्र सदनिका किंवा गॅरेज नव्हे, ती इमारतीच्या सामाईक क्षेत्राचा भाग आहे आणि प्रवर्तकाला ती वेगळी विकता येत नाही, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.

पुढे २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आला. मोकळ्या वाहनतळाचा समावेश त्याने सामाईक क्षेत्रात केला. छत आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच त्याने गॅरेज म्हटले. महाराष्ट्रात महारेराने जुलै २०२१ च्या परिपत्रकाने मोकळ्या जागांची विक्री करता येत नसल्याचे पुन्हा स्पष्ट केले. गॅरेज व मंजूर नकाशातील आच्छादित वाहनतळ यांचा व्यवहार मात्र करता येतो. आच्छादित जागेची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण करारात नमूद असावे, असेही २०२४ मध्ये ठरविण्यात आले. म्हणून नव्या प्रकल्पात राहणाऱ्यांनी प्रथम आपला करार पाहावा. जुन्या संस्थांतील सामाईक जागांबाबत मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे : सदस्याला जागा मिळते ती वापरासाठी; तिची मालकी त्याच्याकडे येत नाही.

वाटणीचे नियम

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ७८ ते ८४ हे उपविधी वाहनतळाविषयी आहेत. वाटपाचे नियम सर्वसाधारण सभेने ठरवावेत, जागांची आखणी करून त्यांना क्रमांक द्यावेत आणि उपलब्ध जागांचे वाटप अर्जांच्या क्रमाने व्हावे, असा त्यांचा आशय आहे. शिल्लक जागा असल्याखेरीज एका सदस्याला एकाहून अधिक जागा देऊ नये. वाहने जागांपेक्षा अधिक असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निःपक्षपातीपणे व पारदर्शक रीतीने वाटप करावयाचे आहे. वाहनतळाचे शुल्क सर्वसाधारण सभा ठरविते.

ही पद्धती सर्व सदस्यांना सारखे मानते, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु नेमक्या याच ठिकाणी दिव्यांग सदस्याची अडचण सुरू होते. क्रम आणि चिठ्ठी या दोहोंत गरजेचा विचार नसतो. तो संस्थेला स्वतः करावा लागतो.

सारखी चिठ्ठी, वेगळा परिणाम

उदाहरणादाखल, एका संस्थेत ४० सदस्यांकडे प्रत्येकी एक मोटार आहे आणि जागा १८ आहेत, असे धरू. दरवर्षी चिठ्ठ्या टाकल्यास प्रत्येकाला जागा मिळण्याची शक्यता शेकडा ४५ इतकी येते. म्हणजे दहा वर्षांत सरासरी साडेचार वर्षे जागा आणि साडेपाच वर्षे प्रतीक्षा. इतरांच्या बाबतीत ही साडेपाच वर्षे गैरसोयीची असतात. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सदस्याच्या बाबतीत ती घरात अडकून पडण्याची असतात.

आता याच संस्थेने प्रवेशद्वाराजवळची एक जागा अशा सदस्यासाठी राखली, तर उरलेल्या ३९ सदस्यांसाठी १७ जागा राहतात आणि त्यांची शक्यता शेकडा ४५ वरून सुमारे ४३.६ वर येते. राखीव जागा रुंद करण्यासाठी शेजारची आणखी एक जागा पूर्णपणे गमवावी लागली, असे मानले तरी ती सुमारे ४१ राहते. इतरांनी सोसावयाचा वाटा एवढाच आहे. ‘एकाला दिले तर सगळेच मागतील’ असा आक्षेप सभेत हमखास घेतला जातो. त्या वेळी सचिवांनी हे गणित फळ्यावर मांडून दाखविल्यास पुष्कळ गैरसमज दूर होतील.

रुंदी का महत्त्वाची

राखीव जागा म्हणजे जमिनीवर चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगविणे, अशी समजूत दिसते. मोटारीची सर्वसाधारण जागा सुमारे २.५ मीटर रुंद असते. त्यात दोन गाड्यांच्या मधून दार अर्धवट उघडून अंग चोरून बाहेर पडता येते. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची आसनाशेजारी आणावी लागते आणि हातांच्या आधाराने एका आसनावरून दुसऱ्या आसनावर सरकावे लागते. त्यासाठी बाजूला साधारण १.२ मीटर मोकळी पट्टी लागते. राष्ट्रीय इमारत संहिता आणि केंद्र शासनाची सुगम्यतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे यांत अशा जागेची किमान रुंदी ३.६ मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर जास्तीत जास्त ३० मीटर सांगितले आहे, ते याच कारणाने. ही जागा रांगेच्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेलगत आखली, तर वाटेचाच उपयोग मोकळी पट्टी म्हणून होतो आणि एकही जागा कमी होत नाही. मात्र त्या पट्टीत कोणी ‘दोनच मिनिटांसाठी’ स्कूटर लावली, की सारी व्यवस्था निरुपयोगी ठरते. गाडीपासून उद्वाहनापर्यंत एखादी पायरी असल्यास १:१२ पेक्षा अधिक चढ नसलेला उतारही आवश्यक असतो.

आपल्याकडे अनेक दिव्यांग व्यक्ती मोटारीऐवजी मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर वापरतात. ही स्कूटर साध्या स्कूटरपेक्षा रुंद असते आणि इतर दुचाकींच्या दाटीतून उचलून बाजूला काढता येत नाही. सायंकाळी तिच्यापुढे चार दुचाकी आडव्या लागल्या, तर सकाळी तिच्या मालकाला चौघांची दारे ठोठवावी लागतात. अशा स्कूटरला स्वतंत्र, आखलेली आणि सरळ बाहेर पडता येईल अशी जागा द्यावयास हवी.

कायद्याची दृष्टी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत या अधिनियमाने सहकारी संस्थेचाही उल्लेख केला आहे. त्यातील ‘वाजवी तजवीज’ ही संकल्पना विशेष मननीय आहे. दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेला आवश्यक व योग्य तो बदल, असा तिचा अर्थ आहे. वर दिलेल्या उदाहरणातील एक जागा ही अशीच तजवीज होय. राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे पुरेसे नाही, असे सांगून बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला. ३.६ मीटरचे माप मुख्यतः सार्वजनिक वापराच्या इमारतींसाठी पुढे आले असले, तरी गृहनिर्माण संस्थांनी ते स्वेच्छेने स्वीकारण्यास कोणतीही आडकाठी नाही.

दिव्यांगत्व नेहमी डोळ्यांना दिसते असे नाही. कंपवात, सिकलसेल, बहुविध मज्जाविकार यांचाही समावेश अधिनियमात आहे. अशी व्यक्ती एखाद्या दिवशी चालताना दिसते आणि दुसऱ्या दिवशी दहा पावले टाकू शकत नाही. ‘काल तर चांगले चालत होते’ हा शेरा अशा कुटुंबांना फार जिव्हारी लागतो. दिव्यांगत्वाची पारख करणे हे समितीचे काम नव्हे; सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र तिने पुरेसे मानावे.

संस्थेने करावयाच्या गोष्टी

वाद उद्भवल्यावर घेतलेला निर्णय एका पक्षाला नेहमीच पक्षपाती वाटतो. म्हणून गरजू सदस्य असो वा नसो, सर्वसाधारण सभेने पुढील बाबींचा धोरणात समावेश करावा.

१. चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी प्रवेशद्वाराजवळची एक किंवा दोन जागा वेगळी काढावी आणि ती नकाशावर व जमिनीवर ठळकपणे दाखवावी.

२. गरजू सदस्य नसताना ही जागा इतरांना द्यावयाची झाल्यास, मागणी येताच ठराविक मुदतीत ती मोकळी करण्याची लेखी अट असावी.

३. अस्थिभंग, शस्त्रक्रिया, गरोदरपण अशा तात्पुरत्या कारणांसाठी मुदतीचा वापर मंजूर करण्याची सोय असावी.

४. स्वतःचे वाहन नसलेल्या दिव्यांग रहिवाशासाठी रिक्षा किंवा रुग्णवाहिका दारापर्यंत येईल एवढी जागा सदैव मोकळी राहावी.

५. राखीव जागा सदनिकेला जोडलेली नाही, तर गरजेला जोडलेली आहे, हे नोंदवावे. सदनिका विकली गेली किंवा गरज संपली, की जागा संस्थेकडे परत यावी.

उपविधींतच दुरुस्ती करणे योग्य वाटल्यास सभेतील उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांचे दोन-तृतीयांश बहुमत आणि निबंधकांकडील नोंदणी आवश्यक असते.

तक्रार कोठे करावी

पहिली तक्रार संस्थेच्या सचिवांकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. समितीकडून निराकरण न झाल्यास वाहनतळाचा वाद अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात नेता येतो. दिव्यांग म्हणून असलेला हक्क नाकारला गेला असेल, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. चौकशीसाठी साक्षीदार व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. चाकांतील हवा सोडणे, गाडीपुढे गाडी आडवी लावणे, पाणी अथवा उद्वाहन बंद करण्याची धमकी देणे, हे मार्ग कोणीही अवलंबू नयेत. त्यांमुळे हक्क शाबीत होत नाही. उलट शेजाऱ्यांचे भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाते.

ग्रामपंचायत आणि शाळा

शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही आता बहुमजली इमारती उभ्या राहात आहेत. शहरांनी जी चूक इमारती उभ्या राहिल्यावर अनुभवली, ती येथे नकाशाच्या अवस्थेतच टाळता येईल. पंचायत सदस्यांनी याकडे लक्ष पुरवावे आणि आपल्या कार्यालयाच्या दारातील मोकळी जागा प्रथम सुगम करावी. तालुक्याच्या गावी गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद पुष्कळदा शिक्षक किंवा निवृत्त कर्मचारी सांभाळतात. नियम समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्यापाशी असते. तिचा उपयोग सभेत व्हावा.

सहकाराचा पाया समान हक्कांचा आहे. परंतु उंच पायरी सर्वांना सारखीच उंच ठेवणे म्हणजे समता नव्हे. ज्या संस्थेत एक सदस्य दाराजवळच्या जागेत गाडी लावून कोणाचीही मिनतवारी न करता घरी जाऊ शकतो, तेथे इतर सदस्यांना आपली गाडी थोडी दूर लावावी लागते. एवढीच या शेजारधर्माची किंमत आहे. वार्धक्य सर्वांनाच गाठते, हे ध्यानात घेता आज दुसऱ्यासाठी राखलेली ही जागा उद्या आपल्याही उपयोगी पडणारी आहे.