पैसाही हळवा, निमगरवा, गरवा पेरावा



कार्यक्रमात आपण नेहमी भात, वाल, भाजीपाला आणि जनावरे यांवर बोलतो. या पत्रकाचा विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीइतकाच घरातला आहे. कळंब, नेरळ, कर्जतपासून खालापूरपर्यंत गेल्या काही वर्षांत पुष्कळ घरांत जमिनीचे पैसे आले. कुणाची जमीन पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्गासाठी संपादित झाली, तर कुणी मुंबई-पुण्याकडच्या माणसाला शेतघरासाठी एखादा तुकडा दिला. शेत दरवर्षी पिकते, पण शेत गेल्याचा पैसा एकदाच येतो. तो संपला की पुन्हा पेरता येत नाही. म्हणून तो नीट ठेवणे हे घरातल्या कर्त्या माणसाचे मोठे काम आहे.

पैसा बँकेत नेला की खिडकीवर प्रश्न येतो, "किती मुदतीला ठेवायचे?" कुणी म्हणतो, "वर्षाला ठेवा, पुढचं पुढं बघू." कुणी म्हणतो, "पाच वर्षांना टाका, म्हणजे हात लागायला नको." दोन्ही उत्तरांत थोडे खरे आहे आणि थोडा धोकाही आहे. यातून एक मधला, शहाणपणाचा मार्ग निघतो. तो आपल्याला नवा नाही, कारण भाताच्या खाचरात आपण तो दरवर्षी वापरतोच.

खाचरातला हिशोब

आपण सगळ्या जमिनीत एकाच मुदतीचे भात लावतो का? नाही. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवे, मधल्या जागी निमगरवे आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवे. हळवे दसऱ्याच्या सुमारास हाताशी येते, गरवे दिवाळीनंतर. पाऊस लवकर गेला तरी हळवे पदरात पडते. पाऊस शेवटपर्यंत टिकला तर गरवे भरघोस येते. पाऊस केव्हा परतेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आपण सगळा भरवसा एका जातीवर टाकत नाही.

व्याजाचे दरही पावसासारखेच आहेत. ते चढतात, उतरतात आणि आधी सांगून येत नाहीत. म्हणून ठेवीही हळव्या, निमगरव्या आणि गरव्या अशा वेगवेगळ्या मुदतीच्या कराव्यात. शहरातले जाणकार याला ठेवींची शिडी म्हणतात. दर वर्षी एक पायरी हाताशी येते, म्हणून शिडी.

दर का बदलतात?

रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते, त्याला रेपो दर म्हणतात. महागाई वाढली की रिझर्व्ह बँक हा दर चढवते आणि महागाई आटोक्यात आली की उतरवते. ठेवींचे दरही त्याच्या मागोमाग, थोड्या उशिराने, हलतात.

अलीकडचाच इतिहास पाहा. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला आणि मे २०२२ पर्यंत तिथेच राहिला. मग तो भराभर चढत फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्के झाला. तिथे दोन वर्षे थांबला. फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला.

आता विचार करा. २०२१ साली ज्याने सगळा पैसा पाच वर्षांना बांधला, त्याला पुढच्या दोन वर्षांत दर चढताना नुसते बघत बसावे लागले. उलट २०२३-२४ साली, दर शिखरावर असताना, ज्याने सगळा पैसा वर्षावर्षाला ठेवला, त्याला पुढे दर वेळी कमी दराची पावती घ्यावी लागली. दोघेही चुकले असे म्हणता येणार नाही, कारण शिखर कुठे होते हे खाली उतरल्यावरच कळते. चढताना कळत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना किसान विकास पत्र आठवत असेल. १९८८ साली ते सुरू झाले तेव्हा पैसा साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. २०२४ साली त्याच पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने, म्हणजे नऊ वर्षे सात महिने लागत होते. एक सोपा हिशोब ध्यानात ठेवा : ७२ ला व्याजदराने भागा, साधारण तेवढ्या वर्षांत पैसा दुप्पट होतो. साडेसात टक्क्यांना ७२ भागिले साडेसात, म्हणजे सुमारे साडेनऊ वर्षे. कुणी "दोन वर्षांत दुप्पट" म्हणाला, तर तो वर्षाला ३६ टक्क्यांची गोष्ट सांगतो आहे हे लगेच ओळखा आणि त्याला चहा पाजून वाटेला लावा.

शिडी कशी बांधावी?

समजा, एका घरात १२ लाख रुपये आले.

पहिले काम, कर्ज. सावकाराचे शेकडा दोन रुपये महिन्याचे कर्ज म्हणजे वर्षाला २४ टक्के. ठेवीला सात टक्के घ्यायचे आणि सावकाराला चोवीस द्यायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. ते कर्ज आधी फेडावे. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याजाची सवलत मिळते, ती तारीख मात्र चुकवू नये.

दुसरे काम, हाताशी रक्कम. वर्षभरात दवाखाना, शाळा, घराची डागडुजी, बी-खत यांना लागेल एवढे, समजा २ लाख, बचत खात्यात ठेवावे.

तिसरे काम, शिडी. उरलेल्या १० लाखांचे पाच सारखे भाग करा. २ लाख एक वर्षाला, २ लाख दोन वर्षांना, २ लाख तीन वर्षांना, २ लाख चार वर्षांना आणि २ लाख पाच वर्षांना. पावत्या पाच, मुदती पाच. वर्षाने पहिली पावती पिकली की घरात गरज असेल तर पैसे वापरा. गरज नसेल तर तीच रक्कम पुन्हा पाच वर्षांना ठेवा. पुढच्या वर्षी दुसरी पावती, त्याच्या पुढे तिसरी. असे चालत राहिले की पाच वर्षांनी तुमच्या सर्व पावत्या पाच वर्षांच्या होतात आणि तरीही दरवर्षी एक पावती पिकते.

हिशोब मांडून पाहू

समजा आज सर्व मुदतींना ७ टक्के दर आहे आणि तिघेजण १० लाख ठेवतात. व्याज दरवर्षी उचलतात. पहिला सगळे दर वर्षी नव्याने वर्षाला ठेवतो, दुसरा सगळे पाच वर्षांना, तिसरा शिडी बांधतो.

दर उतरले, म्हणजे पाच वर्षांत ७, ६.५०, ६, ५.५० आणि ५.५० असे झाले, तर पाच वर्षांचे एकूण व्याज :
पहिला – ३,०५,००० रुपये
दुसरा – ३,५०,००० रुपये
तिसरा (शिडी) – ३,३१,००० रुपये

दर चढले, म्हणजे ७, ७.५०, ८, ८.५० आणि ८.५० असे झाले, तर :
पहिला – ३,९५,००० रुपये
दुसरा – ३,५०,००० रुपये
तिसरा (शिडी) – ३,६९,००० रुपये

शिडीवाला दोन्ही वेळा मधे आहे. तो सर्वांत जास्त कधी कमावत नाही, पण सर्वांत कमीही कधी मिळत नाही. शिवाय दरवर्षी त्याचे २ लाख विनादंड मोकळे होतात. दुसऱ्याला मधेच मुलीचे लग्न निघाले तर ठेव मोडावी लागते. ठेव मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात.

दर शिखरावर आहेत असे वाटले तर?

बँकेतला दरफलक वाचायची सवय लावा. एक-दोन वर्षांच्या ठेवीला जास्त आणि पाच वर्षांच्या ठेवीला कमी दर दिसला, तर पुढे दर उतरतील अशी बँकेचीच अपेक्षा असू शकते. २०२४ साली असेच होते. स्टेट बँक 'अमृत कलश' या ४०० दिवसांच्या ठेवीला ७.१० टक्के देत होती आणि पाच वर्षांच्या ठेवीला ६.५०. त्याच वेळी पोस्टात पाच वर्षांच्या मुदत ठेवीला ७.५० टक्के दर होता. म्हणजे छोटी पायरी बँकेत आणि लांबची पायरी पोस्टात, असे करणाऱ्याला दोन्हीकडचा चांगला दर मिळाला.

दर उतरणार असे वाटत असेल तर लांबच्या पायऱ्यांत थोडे जास्त ठेवा, चढणार वाटत असेल तर जवळच्या पायऱ्यांत. पण शिडी मोडून सगळे एकीकडे टाकू नका. पोस्टाचे दर सरकार दर तीन महिन्यांनी पाहते, बँकांचे केव्हाही बदलतात. म्हणून पैसे ठेवण्याच्या दिवशी फलक पाहूनच ठरवावे.

पैसा कुठे ठेवावा?

आपल्या जिल्ह्याला हा धडा कुणी शिकवायला नको. पेण अर्बन बँकेवर २०१० साली रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला. अर्धा-एक टक्का जास्त व्याजाच्या मोहापेक्षा मुद्दल महत्त्वाचे.

बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सर्व शाखा आणि सर्व खाती मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून विमा दुप्पट होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पोस्टातल्या ठेवीला केंद्र सरकारची हमी आहे.

म्हणून आपल्या उदाहरणात असे करता येईल : बचतीचे २ लाख आणि एक वर्षाची पायरी एका बँकेत, दोन आणि चार वर्षांच्या पायऱ्या दुसऱ्या बँकेत, तीन आणि पाच वर्षांच्या पोस्टात. पोस्टातील मुदत ठेव पहिले सहा महिने मोडता येत नाही आणि पाच वर्षांच्या ठेवीचे नियम अधिक कडक आहेत. ते खाते उघडतानाच विचारून घ्यावेत. घरात साठीच्या पुढचे माणूस असेल तर त्याच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची चौकशी जरूर करावी. बँकाही ज्येष्ठांना थोडा जास्त दर देतात.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. पावती मे महिन्यात पिकेल अशी तारीख निवडा. मृगाच्या आधी बी-खताला आणि जूनमध्ये शाळेला पैसा लागतोच.

२. एका मोठ्या पावतीऐवजी लहान लहान पावत्या करा. गरज ५० हजारांची असताना १० लाखांची पावती मोडावी लागू नये.

३. थोड्या दिवसांची अडचण असेल तर ठेव मोडण्याआधी ठेवीवर उचल मिळते का, ते बँकेत विचारा. उचलीचे व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडेच जास्त असते.

४. पिकलेली पावती तशीच पडू देऊ नका. जुलै २०२१ च्या नियमानुसार, मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा किंवा ठरलेला, यांतला जो कमी तोच दर मिळतो. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिली असेल तर किती मुदतीला ते होणार हेही तपासा.

५. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ठेवीचे व्याज म्हणजे शेतीचे उत्पन्न नव्हे. ठरावीक मर्यादेपुढे बँक त्यातून कर कापते. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल तर तसा जाहीरनामा दरवर्षी बँकेत भरून द्यावा.

६. प्रत्येक ठेवीला नामनिर्देशन करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नावे देता येतात.

७. एका वहीत बँक, पावती क्रमांक, रक्कम, दर आणि पिकण्याची तारीख लिहून ठेवा. वही कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसाला आणि मोठ्या मुलालाही ठाऊक असू द्या. कर्ता माणूस गेल्यावर पावत्या शोधत फिरायची वेळ घरावर येऊ नये.

बंधू-भगिनींनो, जमीन गेली तर तिचा पैसा तरी जमिनीसारखा वागला पाहिजे. दरवर्षी थोडे पीक द्यावे आणि मूळ तसेच राहावे. घाईने सही करू नका. पैसा बचत खात्यात आठ दिवस राहिला तर फारसे बिघडत नाही. त्या आठ दिवसांत घरातल्या सगळ्यांनी बसून, वरचा तक्ता समोर ठेवून, आपली शिडी आखावी. मगच बँकेची पायरी चढावी.