मेन पिक्चरच्या आधीचं कार्टून

अ‍ॅनिमेशन स्टुडिओंची क्रमवारी लावायची म्हटली की लोक डिस्ने, पिक्सार आणि फार तर जपानचा घिबली काढून बसतात. मी निवडलेला स्टुडिओ मुंबईच्या पेडर रोडवरची एक सरकारी कचेरी होती, फिल्म्स डिव्हिजन. तिथे १९५६ साली कार्टूनचा वेगळा विभाग निघाला. सरकारमान्य माहितीपट मुख्य चित्रपटाआधी दाखवलाच पाहिजे, ही तेव्हा थिएटरच्या परवान्याची अट होती. त्यामुळे इंडियन न्यूज या बातमीपटाच्या जोडीने कधीकधी ही कार्टूनंही तालुक्याच्या टॉकीजपर्यंत पोचत. आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खं घर ती पाही. आवडीने म्हणा, मेन पिक्चरची वाट पाहताना म्हणा, पण पाही. ‘कौटुंबिक चित्रपट’ यापेक्षा वेगळा काय असतो?

आमची टॉकीज धरमपुरीची; हे धार जिल्ह्यातलं, नर्मदाकाठचं तालुक्याचं गाव. इथल्या मराठी घरात आजीशी मराठी, गल्लीत निमाडी आणि शाळेत हिंदी चालते. धारमध्ये ‘स्टुडिओ’ म्हटलं की जुनी माणसं अजून फडके स्टुडिओकडे बोट दाखवतात. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मुंबईकडून येऊन धारचेच झाले. पण तो दगड-मातीचा स्टुडिओ, त्यातलं काही हलत नाही. आपल्याकडचं अ‍ॅनिमेशन सुरू झालं ते दादासाहेब फाळक्यांच्या १९१५च्या ‘आगकाड्यांची मौज’पासून. पुढे १९३४ साली पुण्यात प्रभातसाठी रघुनाथ केळकरांनी ‘जंबूकाका’ केला. मात्र पगारी चित्रकार, पेन्शन आणि फायलींसकट चाललेला विभाग पेडर रोडचाच.

विभागातल्या चित्रकारांना शिकवायला माणूस आला तो थेट डिस्नेकडून. क्लेअर वीक्स यांनी ‘बॅम्बी’वर काम केलेलं होतं. त्यांच्या हाताखालचा पहिला मोठा रंगीत चित्रपट ‘द बनियन डियर’, १९५७चा. गोष्ट जातककथेतली: गाभण हरिणीची पाळी आली म्हणून मृगराज स्वतःची मान पुढे करतो, आणि राजा शिकार सोडतो. आता पुन्हा पाहताना रंग सुरेख वाटतात, पण चाल संथ, आणि बॅम्बीची सावली काही हटत नाही. गुरूचं वळण गिरवलेलं शिष्याचं पहिलं पान आहे ते. ऐतिहासिक मान पहिला, माझ्या यादीत जागा तिसरी.

दुसऱ्या जागेवर मी प्रमोद पती यांचा ‘आबिद’ ठेवतो. अनेकांना हे पटणार नाही, कारण तो मुलांसाठी केलेलाच नव्हता. पती प्रागला जाऊन यिर्झी त्रन्का यांच्याकडे बाहुलीपट शिकून आले होते. इथे मात्र त्यांनी बाहुलीच्या जागी जिवंत माणूस घेतला, चित्रकार आबिद सुरती. माणसाला जरा हलवायचं, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचं. भिंती रंगत जातात आणि माणूस त्यांच्यातून झटके खात फिरतो. ‘धर्मयुग’ येत असलेल्या घरांत सुरतींचे ढब्बूजी ओळखीचे होते. हा तोच चित्रकार, हे कळलं की वडीलधारी मंडळीही सरसावून बसतात. मुलांना तर काही समजावून सांगावं लागत नाही. यात उपदेश औषधालाही नाही, म्हणूनच तो शिळा होत नाही.

तळाला काय, हे सांगायला फार शब्द नकोत. बचत करा, लस टोचा, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण लक्षात ठेवा असं सांगणारी कार्टूनं. रेषा कधी कधी चांगली असते, पण निवेदकाचा आवाज तिच्या मानेवर बसलेला असतो.

पहिला नंबर ‘एक अनेक और एकता’चा, १९७४चा. इथे माझाच नियम मोडतो, कारण हा चित्रपट पहिल्या क्षणापासून उपदेशच आहे. तरी तो टिकला. दिग्दर्शिका विजया मुळे, मुंबईत जन्मलेल्या, शिक्षणखात्यातल्या. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे ‘श्यामची आई’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’च्या देसाईंचं. कोवळा आवाज साधना सरगम यांचा. दाभोळच्या, तेव्हा जेमतेम पाच वर्षांच्या. चित्रं भीमसैन यांची, आणि भीमसैन तयार झाले ते याच विभागात. गोष्ट पंचतंत्रातली: पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. सात मिनिटांचा खेळ, सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे दहा हजारांवर चौकटी. तरी भीमसैन यांनी रेषा इतकी कमी ठेवली आहे, की मुलाला वाटावं, हे आपल्यालाही काढता येईल. आवाज बंद करून पाहिला तर हा चित्रपट ‘बनियन डियर’च्याही खाली घसरेल, हे मान्य. पण आवाज बंद करून पाहतो कोण! सांगणारा सरकारी काका नाही, ताई आहे; आणि तिच्याआधी धाकट्याचा प्रश्न आला आहे. विचारल्यावर दिलेलं उत्तर मुलं ऐकतात, न विचारता दिलेलं नाही.

याच विभागातून बाहेर पडलेले राम मोहन पुढे ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’चे सहदिग्दर्शक झाले. १९९२चा तो भारत-जपान चित्रपट आपल्याकडच्या पडद्यांवर धडपणे लागला जानेवारी २०२५मध्ये. तो या यादीत बसत नाही, स्टुडिओ वेगळा. पण राम मोहन यांचा हात कुठे बसला, हे पाहायचं तर आधी पेडर रोडची कार्टूनं पाहावीत.

मार्च २०२२मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. त्याचे चित्रपट अनेक भारतीय भाषांत निघत. आमच्या टॉकीजला अर्थातच हिंदी प्रत येई. महामंडळाने मराठी आवृत्त्या नीट स्वच्छ करून सर्वांसाठी खुल्या कराव्यात, आणि धार-देवास-इंदूरच्या महाराष्ट्र मंडळांनी दिवाळीच्या नाटकाआधी त्यातली एक लावावी. तोवर घरी ‘एक अनेक’ लावा. सातच मिनिटं लागतात.