बाहुलीनं मान वळवली!

मुलांनो, महाडला गणपतीतले हलते देखावे पाहिलेत ना? मावळा तलवार उगारतो, खाली घेतो, पुन्हा उगारतो. समोर कुणी असो वा नसो, मोटर फिरतेय तोवर हात वर-खाली! म्हणूनच दोन मिनिटांत आपण पुढच्या मंडपाकडे वळतो.

आता रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव आठवा. ('झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचूही पाध्ये यांनीच घडवला, बरं का!) अर्धवटरावांनी शंभरी ओलांडली, तरी लोक कंटाळत नाहीत. का? ते आपल्याकडे मान वळवतात, डोळे फिरवतात, मध्येच थांबतात. आपल्याला वाटतं, हे माझ्याशीच बोलताहेत!

पण तिथं माणसाचा हात असतो. माणूस नसेल तर?

१९७० साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवेन शहरात एक अजब शिल्प उभं राहिलं. नाव 'सेन्स्टर'. शिल्पकार एडवर्ड इहनाटोविच. लांबी सुमारे १५ फूट, उंची ८ फूट. ना कातडी, ना चेहरा. नुसत्या पोलादी नळ्या! डोक्यापाशी चार मायक्रोफोन आणि हालचाल टिपणारं रडार. ते सगळं जोडलेलं एका संगणकाला. कुणी हळू बोललं, की सेन्स्टर मान वळवून जवळ यायचा. आरडाओरडा केला किंवा जोरात हात हलवले, की दचकून मागं सरायचा. त्याला मन नव्हतं, होते फक्त माणसानं दिलेले नियम. तरी लोक त्याच्याशी जिवंत प्राण्यासारखं वागायचे.

हे वाचून मी पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत एक खेळ केला. पुठ्ठ्याचा पक्षी काठीवर बसवला आणि मी पडद्यामागं लपले. मला मुलं दिसत नव्हती, आवाज तेवढे ऐकू येत होते. नियम सेन्स्टरचेच. आधी सगळे ओरडले, "इकडे बघ! इकडे!" पक्षी मागं सरला. पुन्हा ओरडले, पुन्हा मागं. मग वर्ग गप्प झाला. तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "ये ना रे." मी पक्षी तिकडं वळवला, मान झुकवली. "नाव काय तुझं?" असंही तिनं विचारलं!

आवाज कुणाचा, तेच मला ओळखेना. पडदा सारला, तर तिसरीतली एक मुलगी. नाव नाही सांगत, लाजेल ती. जून ते दिवाळी, वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. मला वाटायचं, हिला येत नाही. खरं तर मीच रोज मोठ्या आवाजाकडं मान वळवत होते. आता प्रश्न विचारला, की मी कोपऱ्याकडे पाहून थोडं थांबते. ती उत्तर देते. रोज नाही, पण देते.

तुम्हीही असा पक्षी करा. पडद्यामागं एकानं बसायचं. हळू आवाज आला की वळायचं, ओरडलं की मागं, शांतता असली की मान खाली. बघणाऱ्यांना नियम आधी सांगू नका. त्यांनाच ओळखू द्या. आणि आई-बाबांनो, पडद्यामागं एकदा तुम्हीही बसून पाहा. घरातला कुठला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, ते कळेल.