शेवटच्या दुखण्यातलं दान

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर राबून माझ्या एका दूरच्या मामूंनी घर बांधलं. दुसरी मिळकत नाही, कर्जही नाही. मामी आधीच गेलेल्या. शेवटच्या आजारात धाकट्या मुलानं सेवा केली. एके दिवशी चार माणसांदेखत मामू म्हणाले, "हे घर मी याला दिलं." ताबाही दिला. पंधरा दिवसांत मामू अल्लाला प्यारे झाले. मागे दोन मुलगे, एक मुलगी. आता घर कोणाचं?

धडधाकट मुसलमान माणूस हयातीत आपली मिळकत कुणालाही 'हिबा' म्हणजे बक्षीस देऊ शकतो. देणाऱ्यानं जाहीर करायचं, घेणाऱ्यानं स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा. पण ज्या दुखण्यात माणूस दगावतो, ते 'मर्ज-उल-मौत'. त्यातल्या दानाला हनफी कायदा मृत्युपत्राचीच मर्यादा घालतो. कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता परक्याला एक तृतीयांशच पोचतं. वारसाला द्यायचं, तर इतर वारसांची संमती हवी. माणूस बरा झाला, तर मात्र दान पूर्ण कायम.

एक तृतीयांश का? हदीसमध्ये हकीकत आहे. साद बिन अबी वक्कास आजारी पडले. त्यांना दोन तृतीयांश संपत्ती दान करायची होती. पैगंबरसाहेबांनी नको म्हटलं, निम्म्यालाही नको म्हटलं. एक तृतीयांश चालेल, तेही पुष्कळच. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावू नये, असं त्यांनी सांगितलं.

पण प्रत्येक आजार असा नसतो. 1905 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं साराबाई विरुद्ध रबियाबाई खटल्यात कसोट्या सांगितल्या : मृत्यू जवळ आलेला असावा, रोग्याच्या मनात त्याची धास्ती असावी आणि नेहमीची कामं न जमण्यासारखी बाहेरची लक्षणं दिसावीत.

मामूंच्या घराचे पाच हिस्से झाले : मुलांचे दोन-दोन, मुलीचा एक. थोरल्यानं संमती नाकारली. त्याचे दोन राहिले. बहीण म्हणाली, "सेवा त्यानं केली, माझा हिस्सा त्याला." संमती देणाऱ्याचाच हिस्सा सुटतो. धाकट्याला तीन मिळाले.

धाकट्यावर अन्याय झाला, असं मलाही वाटलं. पण उशाशी बसलेल्याचंच रोग्याला ऐकू येतं; सासरी नांदणाऱ्या लेकीचं कोण ऐकणार? तिच्यासाठीच हा कायदा आहे. म्हणून सेवेची कदर करायची, तर हातपाय चालतात तोवर, सगळ्या मुलांना समोर बसवून करावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)